नाताळचा उभा मजकूर

दानियल,

काल दुपारी मुलीनं टीव्ही लावला आणि पडद्यावर बर्फ म्हणून कापूस पडायला लागला. खिडकीत एक खडूस म्हातारा, खाली अंगणात गाणारी पोरं, वर कागदाची चांदणी. मी पेपरातून मान न काढता बोलून गेलो, "हा आता खाली उतरणार आणि सगळ्यांत बारक्या पोरीला उचलून घेणार." म्हातारा खाली उतरला. पोरीला उचललं. मुलगी वैतागली, "बाबा, तुम्हाला आधीच कसं कळतं हो सगळं?"

आधीच कळायची विद्या माझी नव्हती, तुझी होती. तुला माती देऊन वीस दिवस झाले. भाकीत खरं ठरलं की माझ्या मांडीवर थाप मारून "बघ! म्हटलं न्हवतं?" असं ओरडणारं आता घरात कुणी नाही. मी उठून आत गेलो.

तुमच्या चर्चच्या मासिकासाठी तुझ्यावर चार चांगले शब्द लिहायला मला सांगितलंय. तुझ्याबद्दल चांगलं लिहिणं अवघड नाही. पण मी लिहायला बसलो की प्रत्येक चांगल्या वाक्याखाली माझं एक वाईट काम दिसतं. ते बाजूला ठेवून लिहिता येत नाही, म्हणून ते आधी तुलाच सांगतो. उशीर झालाय, ठाऊक आहे.

छापखान्यात तू खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचास आणि मी प्रुफं वाचायचो. पंचवीस वर्षं एकाच खोलीत. लग्नपत्रिकेचा जुळवलेला मजकूर तू कधी सोडवून सुटा करायचा नाहीस. सुतळीनं बांधून फळीवर ठेवलेला असायचा. सुरुवातीच्या कृपेपासून शेवटच्या आग्रहाच्या निमंत्रणापर्यंत सगळं तयार. गिऱ्हाईक आलं की नवरा-नवरीची आणि बापांची नावं तेवढी घालायची. त्याला तू उभा मजकूर म्हणायचास. पुढं आमच्या घरी टीव्ही आला, गल्लीतला पहिला, आणि तू रविवारी सकाळची चर्चमधली उपासना आटोपून, इस्त्रीच्या शर्टात, थेट आमच्याकडं येऊ लागलास. डिसेंबर लागला की मालिका कुठलीही असो, तिच्यात एक भाग नाताळचा असायचाच. दुसऱ्याच वर्षी तू निकाल दिलास.

"अरं वश्या, उभा मजकूर हाय ह्यो. नावं बदलली की झाला भाग तयार."

मग तू आधीच सांगत सुटायचास. लाल डगल्यातल्या म्हाताऱ्याची दाढी निसटणार आणि आतून पोरांचा रुसलेला बाप निघणार. भांडलेल्या दोन शेजारणी एकाच परातीत पीठ मळणार. शेजारच्या अंकलला बघून तर तू खवळायचास.

"हॅट हाय, गिटार हाय. म्हंजे आता बाटली येणार. आली? आलीच! आमच्या मिशन कंपाउंडात साठ घरं हाईत, वैनी, एकात तरी गिटार दाखवा. तबला हाय, पेटी हाय. बाटली हाय दोन-तीन घरांत, न्हाय म्हणत न्हाय. पर ती तुमच्या गल्लीतबी हाय की!"

माझी बायको हसून हसून चहा सांडायची. तू तिला सांगायचास, केक आमच्यात कोण कापतंय, आमच्यात करंज्या असतात; आमचा बाप पांढराशुभ्र फेटा बांधून नाताळच्या उपासनेला जायचा आणि पाळकसाहेबांपेक्षा मोठ्यानं भजन म्हणायचा. ते का दाखवत नाहीत?

फक्त एका जागी तू गप्प व्हायचास. सगळी मंडळी जेवायला बसली की मालिकेतलं कुणीतरी म्हणायचं, आज तो इथं असता तर. आणि दाराची कडी वाजायची. कित्येक वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला मुलगा दारात. हा प्रसंग नाही असा नाताळचा भाग मी पाहिला नाही. ते वाक्य आलं की तू तंबाखू थुंकायच्या निमित्तानं उठून बाहेर जायचास.

का, ते तू मला एकदाच सांगितलंस. छापखान्यात काम संपल्यावर रॉकेलनं हाताची शाई काढताना. मी छापखान्यात यायच्या आधीची गोष्ट, तुझा धाकटा भाऊ योना. त्याला तू आपल्या हाताखाली घेतलं होतंस, त्याला खिळ्यांचा कंटाळा. एकदा त्यानं जुळवलेलं पान पाडलं, तू त्याच्या मुस्काटात दिलीस आणि म्हणालास, "घरात तोंड दाखवू नगंस." नाताळला चार दिवस होते. त्यानं खरंच दाखवलं नाही. हुपरीत पैंजणं करणाऱ्या एका घरात कामाला लागल्याचं कळलं म्हणून तू एसटीनं गेलास, तर तो आठ दिवसांपूर्वी तिथून निघाला होता. मग कबनूरचे यंत्रमाग धुंडाळलेस. मला सांगितलंस तेव्हा त्याला अठरा वर्षं झाली होती. आईला तू सांगितलं होतंस की तो आपल्या मनानं गेला.

"तिला ठाव न्हाय मी काय बोललो ते," तू म्हणालास. "तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे."

त्यानंतर एका रविवारी आपला वाद झाला होता, आठवतो? मी म्हणालो, हा दार वाजण्याचा प्रकार निव्वळ लबाडी आहे. गेलेली माणसं अशी वेळ साधून येत नाहीत. तू बराच वेळ चुना मळत बसलास.

"लबाडी हाय की. पर आमच्या कंपाउंडात दर साली येशूच्या जन्माचं तेच नाटक हुतंय, धर्मशाळेचा मालक दर साली 'जागा न्हाय' म्हणतोय, आणि म्हाताऱ्या दर साली रडत्यात. पुढं काय हाय ते ठाव असून बी. लोकांस्नी नवीन कुठं पायजेल असतंय?"

"म्हणून खोटं दाखवायचं?"

"तू लिव एकदा. मग कळंल."

आणि मला खरंच लिहायला मिळालं. आपल्याच गावच्या स्टुडिओत वाढून मुंबईला गेलेले एक दिग्दर्शक, त्यांनी दिवाळी अंकातल्या माझ्या दोन गोष्टी वाचल्या होत्या. त्यांच्या हिंदी मालिकेला नाताळचा एक भाग हवा होता. मी मराठीत लिहायचं, हिंदी तिकडं करून घेणार. तुला सांगितलं तर तू माझ्यापेक्षा जास्त नाचलास.

"फेटा दाखीव. करंज्या दाखीव. पेटी-तबला दाखीव. आणि पाया पडतो वश्या, कुणाला पाजू नगंस."

तू दोन रविवार बसून मला सगळं सांगितलंस. पहिला खर्डा मी तसाच लिहिला. त्यात कुणी दारू पीत नव्हतं, दारही वाजत नव्हतं. दिग्दर्शकांनी तो वाचला आणि म्हणाले, "छान आहे, पण यात घडतं काय? अंकल नाही, निदान दार तरी द्या. दोन्ही नाही कसं चालेल?" मी फेट्यासाठी भांडलो. खरंच भांडलो. आणि फेटा वाचवायला मी दार दिलं. दारात कुणीतरी यायला हवं होतं, आणि माझ्याजवळ एक माणूस तयार होता. घर सोडून गेलेला, अठरा वर्षांचा हिशेब जुळणारा. तू माझ्याजवळ ठेवायला दिलेला.

इथपर्यंत तुला नंतर समजलंच. पुढचं नाही.

हिंदी करणाऱ्या गृहस्थांचं मला पत्र आलं होतं. योना हे नाव लोकांना कळणार नाही, पीटर करू का, असं विचारलं होतं. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं: योनाच ठेवा. का? बाकी सगळा भाग खोटा होत चालला होता. त्यात एक तरी खरी गोष्ट असावी, म्हणजे लेखक म्हणून मला मान वर करता येईल, असं वाटलं. ते पोस्टकार्ड लिहिताना तुझी आई माझ्या मनात आली नाही. तूही आला नाहीस. मला ते नाव कानाला बरं लागत होतं, एवढंच.

मग तो रविवार. आमचा टीव्ही गोधडीत गुंडाळून हातगाडीवरून तुमच्या कंपाउंडात नेला. उपासना सुटली तशी मंडळी नव्या कपड्यांत तुमच्या अंगणात येऊन बसली. तुझ्या आईंना, राहेलआईंना, पुढं खुर्ची दिली होती. त्यांच्या डोळ्यांना तेव्हा नुसता उजेड-अंधार कळायचा आणि हिंदी तर त्यांना कधीच आली नाही. तू कौलांवर ॲन्टेना धरून.

"आलं काय?"

"मुंग्या आल्यात!"

"आता?"

"आता बाई दिसतीया, पर दोन दिसत्यात!"

"आता?"

"आलं! आलं! हलू नगंस, दानियल! तसाच ऱ्हा!"

तू हात सोडलास की चित्र जायचं, म्हणून तू तसाच राहिलास. आपल्या घरचा नाताळ टीव्हीवर आला आणि तो तू पाहिला नाहीस. कौलांवर उभा राहून ऐकलास. पडद्यावर फेटा आला तेव्हा अंगणात शिट्ट्या वाजल्या. "आपल्यातला हाय की ह्यो!" म्हणून तुझ्या घरच्या सरोजवहिनी टाळ्या पिटत होत्या. तू वरून विचारत होतास, "बांधलाय कसा? नीट बांधलाय काय?" आयुष्यात माझ्या लिखाणाला अशी दाद मिळाली नव्हती. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

मग जेवणाची पंगत. मग कडी वाजली. आतल्या बाईनं विचारलं, कौन. आणि बाहेरून आवाज आला, "माँ, मैं. योना."

राहेलआई खुर्चीतून उठल्या. त्या टीव्हीकडं वळल्या नाहीत. कंपाउंडच्या फाटकाकडं तोंड करून म्हणाल्या, "दार उघडा की कुणीतरी. पोरगं भाईर उभं हाय."

कुणी हललं नाही. वर तुझा हात सुटला असणार, कारण पडद्यावर मुंग्या आल्या आणि पुढची भेट कुणालाच दिसली नाही. चित्र परत आलं तेव्हा नावं सरकत होती. त्यात माझंही होतं.

पाण्याच्या नळापाशी तू मला गाठलंस. हाताला गंज लागला होता तो धूत होतास.

"वश्या, त्ये नाव."

"कच्च्या खर्ड्यातलं राहून गेलं रे. सुटलं नजरेतून."

तू माझ्याकडं बघितलंस. एक अनुस्वार सुटला तर पंचवीस वर्षं तू माझा उद्धार केलास. "डोळं हाईत का बटणं?" म्हणायचास. त्या दिवशी म्हणालास, "सुटतंय कधीमधी."

तेवढंच. मी ती माफी घेतली. खोट्यावर मिळालेली माफी खिशात घालून घरी आलो आणि जेवलो.

पुढच्या आठवड्यात टीव्ही आणायला मी आलो तेव्हा तू घरी नव्हतास. राहेलआईंनी माझा हात चाचपून धरला.

"वसंता, तूच लिवलंस म्हणं त्ये."

"हो, आई."

"मग तुला ठाव असणार. तुला कुठं भेटला?"

मी सांगायला हवं होतं की ती गोष्ट आहे. मी तोंड उघडलंही. पण त्यांनी हात असा धरला होता की तो सोडवून घेणं मला जमलं नाही.

"मुंबईला असेल," मी म्हणालो.

"बरा हाय न्हवं?"

"बरा आहे."

"लगीन झालं?"

मी एवढंच म्हणालो, कुणाला सांगू नका. त्यांनी मान हलवली. आणि त्यांनी तो शब्द पाळला, दानियल. योना मुंबईत आहे हे त्यांनी धरून ठेवलं, पण कुणी सांगितलं ते तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुझ्या घरात माझं खोटं एका आंधळ्या बाईनं सांभाळलं.

तुला त्यांनी दोनदा मुंबईला धाडलं. योनाचा शाळेतला फोटो घेऊन तू स्टुडिओंच्या फाटकांवर उभा राहिलास. पहारेकऱ्यांनी हाकललं, एकानं चहा पाजला. दुसऱ्या खेपेला आलास तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलांचे अंगठे कापावे लागले. छापखान्यात बाकावर पाय वर घेऊन बसलास आणि म्हणालास, "तिच्या डोक्यात ही मुंबई कुणी घातली, कुणास ठाव."

मी प्रुफात डोकं घालून म्हणालो, "टीव्ही मुंबईचा ना. त्यावरून वाटलं असेल."

"व्हय, तसंच असंल," तू म्हणालास.

या सगळ्यात त्या वाक्याची लाज मला सगळ्यांत जास्त आहे. पोस्टकार्ड टाकताना मी बेसावध होतो असं म्हणता येईल. आईंच्या हातात हात असताना मी भित्रा होतो. पण तुझे सुजलेले पाय समोर दिसत असताना मी जे बोललो, त्याला कुठलंच नाव सोसत नाही.

वर्षभरानं आई गेल्या. माती देऊन परतताना तू माझ्या खांद्यावर हात टाकलास. मला वाटलं, आता विचारशील. तू म्हणालास, "तुझ्या त्या भागानं तिचं शेवटचं साल बरं गेलं बघ. सारखं म्हणायची, योना बरा हाय. उभा मजकूर म्हणून मी हसायचो, पर तिच्या कामाला आला." आणि मग, थोडं चालून, "आपला त्यो वाद तू हरलास, लेका."

तुझा उपकार मानणारा हात खांद्यावर असताना खरं सांगणं जमलं नाही. तो वाद मी हरलो नव्हतो, दानियल. तू जिंकलाही नव्हतास. आईंना समाधान गोष्टीनं दिलं नव्हतं. पडद्यावरची गोष्ट तर मुंग्यांत गेली होती. माझ्या दोन खोट्या वाक्यांनी दिलं होतं, आणि त्यापायी चालावं तुला लागलं. हे मला तुझ्याशी एकदा मोठ्यानं भांडायचं होतं. तू मला शिव्या दिल्या असत्यास. कदाचित मारलंही असतंस. मग महिनाभर बोलला नसतास, आणि पुढच्या डिसेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून आला असतास. की आला नसतास? मला ठाऊक नाही. ती संधी मी तुला दिलीच नाही.

शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात मात्र तू विचारलंस. छाती भाता ओढल्यासारखी चालली होती, तरी डोळे मिचकावलेस. "काय सांगायचं हाय काय? तोंड बघ तुझं, शाई सांडल्यावानी झालंय."

"काही नाही रे. पड तू."

परवा सरोजवहिनींनी बोलावलं होतं. रविवारी तुझ्या स्मरणाची उपासना आहे, त्याचं कार्ड छापायचंय. मजकूर मी लिहून नेला होता. तुझ्यामागं असलेल्यांची नावं त्यांनी वाचली आणि बोट ठेवून विचारलं, "भावजी, योनाभावजींचं नाव घालायचं का? आई जाताना मला एकटीला म्हणाल्या होत्या, वसंताला इचार, त्याला ठाव हाय. ह्यास्नी मी बोलले न्हाई. म्हटलं, आईंचं मन चळलंय. पर आता कार्डाचं हाय. जित्या माणसात घालायचं का न्हाई?"

म्हणजे तेच दार पुन्हा माझ्यासमोर आलं होतं, आणि हे उघडणं माझ्याच हातात होतं. मी सांगितलं. पोस्टकार्डापासून तुझ्या पायांपर्यंत सगळं. सांगताना मनातल्या मनात मी काय करत होतो, माहीत आहे? भाकीत. आता वहिनी डोळे पुसणार आणि म्हणणार, "त्यास्नी ठाव हुतं, भावजी. त्यांनी कवाच माफ केलं हुतं." तुझ्यासारखंच मला पुढचं वाक्य ऐकू येत होतं.

वहिनी म्हणाल्या, "मग ह्ये जिते असताना का न्हाई सांगितलंसा? दोनदा गेलते ते. दोनदा. मी गरम पाण्यात पाय शेकत बसायची."

त्यांनी मजकुराचा कागद माझ्याकडं सरकवला.

"मला सांगून काय उपेग? मी काय करू आता ह्याचं?"

चहा ठेवायला म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहाही आला नाही. मी उठणार तेवढ्यात दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे कोरडे होते.

"आख्ख्या कंपाउंडाला वाटतंय योनाभावजी मुंबईत हाईत. दर नाताळला लोक इचारत्यात, पत्तर आलं का म्हणून. मी कुणाकुणाला सांगत फिरू? रविवारी उपासनेत तुम्हीच उभं ऱ्हावा आणि सांगा. भाषण नगं. नुसतं सांगा."

"आणि कार्डावर?"

"नाव घाला. हाय का न्हाय ते आपल्याला ठाव न्हाई, तवर भाऊ म्हणूनच ऱ्हाऊ दे. आणि ह्या येळी नीट नजर घालून वाचा."

कार्ड काल छापून आलं. तुझ्या जागेवर आता नवा मुलगा बसतो. त्यानं खिळे बरे जुळवलेत. मी तीनदा वाचलं. चूक नाही.

रविवारी काय बोलायचं ते मी चार-पाच वेळा लिहून फाडलं. प्रत्येक खेपेला त्यात तुझी थट्टा यायची, फेटा यायचा, माझी तगमग यायची, आणि वाचणाऱ्याला माझीच कीव येईल असं काहीतरी होऊन बसायचं. आता कागद नेणार नाही. तुमच्या मंडळीसमोर उभा राहीन आणि म्हणेन: योना मला कधी भेटला नाही. तो कुठं आहे ते मला माहीत नाही. मी राहेलआईंना खोटं सांगितलं आणि दानियलला ते समजू दिलं नाही.

त्यानंतर कुणी मला 'ये, बस' म्हणेल की नाही, ते मला सांगता येत नाही.